कोठीघर नसलेली घरं

सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा या बाजूचं एखादं जुनं कवेलूचं घर पाहायला बाहेरगावचं कोणी आलं, की ते स्वयंपाकघराच्या दारात थबकतं आणि विचारतं, वर्षाचं धान्य ठेवत तरी कुठं होते? खोली दहा हात लांब, सहा हात रुंद. एका भिंतीला चूल आणि वैल, दुसऱ्या भिंतीला पाण्याच्या गुंडांची घडवंची, मधे भाकर थापायला बसण्यापुरती जागा. कोठीघर नाही, अलमारी नाही. आणि तरी याच घरात दिवाळीच्या पुढेमागे आलेली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरायची, तूर आणि जवस पुरायचं, चिंच, मिरची, हळद पुरायची, आणि बारा-चौदा माणसं दोन्ही वेळा जेवून उठायची.

साठवण्याचं काम अख्खं घर करायचं. स्वयंपाकघर रांधण्यापुरतं होतं. मालगुजाराच्या वाड्याची गोष्ट वेगळी. तिथं कोठाराला कुलूप, मोजायला पायली आणि लिहायला वही असे. १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी संपली, वाडे वाटण्यांत फाटले आणि कोठारांच्या खोल्यांत भावाभावांच्या चुली मांडल्या गेल्या. मला सांगायचं आहे ते साध्या शेतकऱ्याच्या घराबद्दल. मी तशाच घरात वाढले. पुढं शाळेत इतिहास शिकवला, तोही हिंदीतून, कारण आमच्याकडं घरची भाषा मराठी आणि शाळेची हिंदी. पाठ्यपुस्तकात हडप्पाचं धान्यकोठार होतं, त्याची लांबी-रुंदी मुलं पाठ करत. त्याच मुलांच्या माजघरात उभी असलेली मातीची कोठी कुठल्याच धड्यात नव्हती. ज्या बायकांनी ती घडवली त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. म्हणून हे लिहिणं मला माझं काम वाटतं.

घाटावरचं छिंदवाडा आणि घाटाखालचं सौंसर शतकाहून अधिक काळ एका जिल्ह्यात राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके वेगळे निघाले. जेवणानं ते आधीपासूनच वेगळे होते. इंग्रजी अमलातली गॅझेटियरं वरच्या भागाला बालाघाट आणि खालच्या भागाला जेरघाट म्हणतात. वर डोंगराळ हलकी जमीन आणि कोदो-कुटकी. खाली नागपूरच्या मैदानाला लागून काळी माती, ज्वारी, कापूस, तूर. काय साठवायचं ते या मातीनं ठरवलं. कसं साठवायचं ते पावसानं ठरवलं, कारण मृगापासून हस्तापर्यंत इथली हवा ओली असते आणि त्याआधीचे दोन-अडीच महिने इतके कोरडे, की अंगणात टाकलेलं काहीही दुपारपर्यंत कडकडीत वाळतं.

ज्वारीचा एक स्वभाव या सगळ्यामागं आहे. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू पडतं. त्यामुळं आमच्या घरांत पिठाचा साठा कधी नव्हताच. दाणा साठवायचा, आणि पहाटे जात्यावर एक-दोन दिवसांपुरतं दळायचं. चुलीजवळ पिठाचं एक टोपलं पुरे होई. गावात चक्की आली, बायकांचे खांदे सुटले, दळण आठवड्याचं एकदम येऊ लागलं, आणि तेव्हा कुठं पिठाच्या डब्यानं स्वयंपाकघरात पहिल्यांदा जागा मागितली. जागा अपुरी पडते ही तक्रार तिथून सुरू झाली असं मी मानते.

घरातल्या वस्तूंची जागा उंचीनं ठरलेली होती. जमिनीला टेकून धान्य कधी ठेवायचं नाही, मातीची ओल वर चढते. माजघराच्या आतल्या भिंतीला, जिला पावसाचा सपकारा लागत नाही, ज्वारीच्या कोठ्या. तिथंच बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणमातीनं सारवलेली तुरीची ढोली. कमरेच्या उंचीवर भिंतीतले कोनाडे, आणि ते सगळे सारखे नसत. चुलीच्या भिंतीतल्या कोनाड्यात मीठ आणि गूळ, कारण दोन्ही पावसाळ्यात पाझरतात आणि चुलीची ऊब त्यांना कोरडं ठेवते. उत्तरेच्या थंड भिंतीतल्या कोनाड्यात जवसाचं तेल आणि लोणच्याची बरणी, कारण त्यांना ऊब सोसत नाही. डोक्याच्या वर शिंकं. त्यात दही, लोणी, दुधाचा गंज, मांजरीच्या उडीच्या पलीकडं. त्याहून वर, जिथून चुलीचा धूर कवेलूकडं जातो त्या वाशांना लसणाच्या जुड्या, बियाण्याची निवडक कणसं आणि दुधीच्या वाळक्या तुंब्यांत भरलेलं वालाचं, दोडक्याचं, काकडीचं बी. धुरानं ते तुंबे काळे होत. त्यांच्यात किडा शिरत नसे.

माळ्यावर वाळवण असे. कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे, मुगाच्या वड्या, मडक्यांची तोंडं फडक्यानं बांधून. कवेलूच्या फटींतून हवा खेळायची आणि दुपारी माळा तापायचा, म्हणून श्रावणातही कुरडी मऊ पडत नसे. घरातली सगळ्यात त्रासाची, कोणी राहू शकणार नाही अशी जागा तिथं उपयोगाला लावलेली होती.

आणि उतरंड. खाली मोठं मडकं, त्यावर जरा लहान, त्यावर अजून लहान, अगदी वर हाताच्या ओंजळीएवढं गाडगं. वरच्या गाडग्यांत रोजचं लागणारं: जिरं, मोहरी, तिखट. मधल्यांत डाळी, मिठात मुरवलेल्या चिंचेचे गोळे. तळाच्या मडक्यात सणावारी लागणारं: तीळ, खोबरं, घाटावरच्या जंगलातून आलेली चारोळी. तळाचं काढायचं तर सगळी उतरंड उतरवावी लागे, म्हणून ते पोरांच्या हाताला लागत नसे आणि घरातल्या बाईच्या हातूनही सहज खर्च होत नसे. 'जे जिनं काढाचं, ते तिनंच उतरवाचं अन् तिनंच रचाचं,' असा माझ्या आजीचा नियम. एकत्र घरात तीन सुना असताना या एका नियमानं किती भांडणं टळली असतील!

कोठी कुंभार करत नसे. ती घरच्या बायका करत, होळीनंतर, शेतीची कामं उरकल्यावर. तळ्याच्या काठची चिकण माती, भुसा, गाढवाची लीद. माती भिजवून मुरू द्यायची, पायांनी तुडवायची. मग वीतभर उंचीचा गोल थर घालायचा आणि तो सुकेपर्यंत थांबायचं. मग त्यावर दुसरा. घाई केली तर वरच्या वजनानं खालचा थर बसतो. छातीएवढी कोठी व्हायला पंधरवडा सहज जाई. खाली बुटके पाय, पायांच्या वर मनगट जाईल एवढं भोक, त्याला चिंधीचा बोळा. धान्य वरून भरायचं आणि खालून काढायचं, म्हणजे जुना दाणा आधी संपतो. जागेवर उभी राहिली की कोठी हलत नसे. ती दारापेक्षा मोठी असे. वाटण्या झाल्या तेव्हा कोठी ज्याच्या खोलीत आली ती त्याची, आणि दुसऱ्या भावाच्या बायकोनं पुढच्या उन्हाळ्यात नवी घालायची.

भरण्याचं शास्त्र कोठी घालण्यापेक्षा अवघड. ज्वारी उन्हात वाळवायची, पण ऊन ऊन भरायची नाही. रात्रभर सावलीत गार झाल्याशिवाय भरली तर बंद कोठीत तिला घाम सुटतो आणि बुरशी धरते. वाळली की नाही ते आजी दातानं पाही. 'दाना कट् वाजला पाह्यजे. चिपकला तं अजून दोन ऊन दे.' थराथरांत कडुलिंबाचा वाळका पाला आणि गोवरीची चाळलेली राख. भरडलेल्या तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. वरचं झाकण शेणमातीनं लिंपून टाकायचं. राख नेमकं काय करते ते मला फार उशिरा, शेतीच्या एका पुस्तकात कळलं. तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडतात, त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं आणि तो वाळून मरतो. आजीला यातलं आवरण माहीत नव्हतं. राख जाडी असेल तर उपयोग होत नाही हे मात्र पक्कं माहीत होतं, म्हणून ती चाळून घेई.

कोठ्यांत न मावणारी ज्वारी पेवात जाई. काळ्या मातीत पेव खणता येत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. म्हणून पेवं असत ती पांढरीत, गावठाणातल्या उंच, मुरमाड जागी. तोंड एका माणसाला उतरता येईल एवढं, पोट आत मोठं. आत काडीकचरा पेटवून भिंती भाजून घ्यायच्या, कडब्याचं आणि गवताचं अस्तर लावायचं, ज्वारी भरायची, वर पुन्हा गवत, मग फरशी आणि माती. आत उरलेल्या हवेतला प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवतात आणि मग किडा जगत नाही. स्पेनपासून मोरोक्कोपर्यंत शेतकऱ्यांनी जमिनीत धान्य पुरलं ते याच जोरावर, आणि आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद थैल्यांचंही तेच तत्त्व. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं. ही शिस्त मोडून गुदमरलेल्या माणसांच्या आठवणी जुन्या गावांत अजून सांगतात. पेवात भिंतीला लागलेली ज्वारी काळपट होई, तिला उग्र वास येई. ती गुरांना घालत, आणि मजुरीतही देत.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. साठवणीच्या आठवणी सांगताना आम्ही शेतकऱ्यांच्या मुली भरलेल्या कोठ्यांबद्दलच बोलतो. ज्याची मजुरी रोजच्या रोज धान्यात मिळे, त्याच्या घरी कोठी नव्हती कारण कोठीत घालायला काही नव्हतं. शेर-दीड शेर ज्वारी पदरात बांधून संध्याकाळी घरी जाणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांची सगळी साठवण एका गाडग्यात मावायची. आषाढ-श्रावणात ते गाडगं रिकामं झालं की त्या आमच्यासारख्यांच्या ओसरीवर यायच्या, आणि नेलेली ज्वारी सुगीत सवाईनं किंवा दीडीनं परत करायच्या. मणाला सव्वा मण, मणाला दीड मण. भरलेली कोठी म्हणजे घरची बेगमी, आणि शेजाऱ्यावरची सत्ताही. घाटाकडच्या गोंड घरांत उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहफुलं ठेवत, ती या दिवसांसाठीच. त्या टोपल्याला कोणी कोठार म्हटलं नाही, पण उपासमारीच्या महिन्यांत त्यानं माणसं जगवली.

पेवं कोणी बंद करा म्हणून बंद झाली नाहीत. आगगाडी येण्याआधी सुगी चांगली झाली की ज्वारीला भाव नसे. बैलगाडीनं दूर नेण्याच्या खर्चात दाण्याची किंमत संपे. तेव्हा पुरून ठेवणंच शहाणपणाचं होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापूस महाग झाला. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. सौंसरची काळी माती आणि कापूस यांचं आधीच जमत होतं. आता तर साठ-पासष्ट किलोमीटरवर गिऱ्हाईक उभं होतं. ज्वारीच्या रानात कापूस शिरला, आणि उरलेली ज्वारीही बाजाराकडं वळली. पैसा घरात आला, दाणा घरातून गेला. मग मध्य प्रांतावर तीन-चार वर्षांत दोन दुष्काळ कोसळले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसऱ्याला म्हातारी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, विक्रम संवत १९५६ वरून. आगगाडी धान्य आणू शकत होती, पण ते घ्यायला हातात पैसे हवे होते, आणि पीक बुडालेल्या वर्षी मजुराच्या हातात पैसे कुठून येणार? जुन्या पेवांनी सगळ्यांना वाचवलं असतं असं मी म्हणणार नाही. पेव ज्याचं, दाणे त्याचे. तरीही गावाच्या जमिनीखाली दोन वर्षांचे दाणे असणं आणि नसणं यांत फरक होता, आणि तो फरक मोजायची वेळ आली तेव्हा बरीच पेवं रिकामी होती.

यानंतरची मोठी उलथापालथ १९५६ ची. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमच्या लेकी सावनेर, काटोल, नरखेडला दिलेल्या आणि सुना तिकडून आणलेल्या. रेष कागदावर पडली तेव्हा कोणाला तिचं काही वाटलं नाही. ती कळली साठच्या दशकात, धान्याची टंचाई पडली तेव्हा. १९६४ च्या सुमारास राज्याराज्यांचे धान्यपट्टे पडले, एका राज्यातलं धान्य परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात नेता येईना. महाराष्ट्रात ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू झाली. माझ्या आत्याचं बाळंतपण सावनेरला होतं. बाळंतिणीला माहेरची ज्वारी पोचवायची रीत. माझ्या आईनं ती लुगड्यांच्या गाठोड्यात घड्यांमधे पसरून भरली, आणि मला शेजारी बसवून छोट्या गाडीनं निघाली. नागपूर-छिंदवाड्याची ही अरुंद रुळांची गाडी २०१५ पर्यंत धावली, आणि आमच्या पट्ट्यातल्या किती नात्यांचं सामान तिनं वाहिलं असेल! त्या दिवशी प्रत्येक ठेसनावर आई गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. शेजारची बाई म्हणाली, 'काहून घाबरता बाई, सगळ्यांच्याच गाठोड्यात हाय.'

त्याच वर्षांत रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकर आजीला कधी गोड लागली नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. रेशननं साठवणीचं माप बदललं. वर्षाचा हिशेब जाऊन महिन्याचा आला. महिन्याच्या धान्याला कोठी लागत नाही, एक चुंगडी पुरते. कोठीची मागणी घरातून अशी हळूहळू सरली, आणि माती तुडवणारे पाय म्हातारे होत गेले.

सरकारनं याच दशकात अन्नधान्य बचाव मोहीम काढली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पुसा कोठी सुचवली, विटांच्या दोन भिंतींमधे प्लास्टिकचा कागद, म्हणजे ओल शिरायला वाट नाही. चांगली रचना होती, आमच्या जुन्या कोठीचीच शहाणी बहीण. आमच्याकडं मात्र रुजली ती पत्र्याची कोठी. ती दारातून आत-बाहेर जाते, म्हणून लग्नात लेकीला देता येते. आईच्या हातची मातीची कोठी आईबरोबरच राहायची. पत्र्याची कोठी बैलगाडीत, पुढं ट्रॅक्टरवर चढून सासरी जाऊ लागली. बाईच्या नावावर घरात काही असणं दुर्मिळ होतं, त्या काळात धान्याची कोठी तिची म्हणून ओळखली जायची. मातीच्या कोठीबद्दल मला कितीही माया असली तरी हा बदल मला चांगला वाटतो.

स्वयंपाकघरातली भांडीही बदलत होती. लोधीखेड्याची पितळेची आणि तांब्याची भांडी जुन्या काळी नावाजलेली, पण ती पाण्याला, रांधायला आणि लग्नात मांडायला. साठवणीला धातू आला तो १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डालड्याच्या पिवळ्या डब्यांतून आणि तेलाच्या पिप्यांतून. उतरंडीची गाडगी एकेक करून फुटली आणि त्यांच्या जागी डबे बसले. पिप्याला कडी लावून पिठाचा डबा व्हायचा. मग स्टीलची मांडणी आली, भिंतीला ठोकलेली, वरच्या फळीवर मोठे डबे, खालच्या फळ्यांवर लहान. उंचीचा जुना क्रम इथं उलटा झाला. उतरंडीत जड तळाशी असे. मांडणीवर जड वर गेलं, कारण तिथल्या डब्याला क्वचितच हात लागतो.

अपुऱ्या जागेचा हा प्रश्न जर्मनीतही होता. १९२६ साली व्हिएन्नाच्या वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या नव्या वस्त्यांसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. कोठीघराला जागाच नव्हती. त्यांनी भिंतीला ॲल्युमिनियमचे छोटे खण बसवले, प्रत्येकावर जिन्नसाचं नाव. पीठ मात्र ओकच्या लाकडात ठेवलं, कारण त्या लाकडाला किडे टाळतात. हे वाचलं तेव्हा मला आजीचा कडुलिंब आठवला आणि फार आनंद झाला. इतक्या दूरच्या, शिकलेल्या बाईनंही आधी हेच विचारलं होतं की या वस्तूला भीती कशाची आहे.

आता आमच्याकडं ज्वारी थोडी, सोयाबीन, मका, कापूस आणि संत्री जास्त. घरात गहू-तांदूळ, त्यातलं बरंच रेशनचं. घरं स्लॅबची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबाघरी पोचला. धूर गेला. माझ्या आईनं आणि आजीनं आयुष्यभर तो धूर डोळ्यांत आणि छातीत घेतला, त्यामुळं तो परत यावा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण धुरावर टांगलेलं बियाणंही गेलं. कवेलू नाही म्हणून माळा नाही, माळा नाही म्हणून वाळवण बंद डब्यात, आणि स्लॅबखालचा डबा पावसाळ्यात आतून ओला. घरचं बी टिकेना म्हणून दोडका-काकडीचंही बी आता पुडीतून येतं.

या घरांना कोठीघर द्या असं म्हणण्यात अर्थ नाही. २५ चौरस मीटरमधे ते बसणार नाही. मी घर बांधणाऱ्यांना दुसरंच मागते. धान्याच्या कोठीसाठी आतल्या भिंतीला वीतभर उंच ओटा घाला, म्हणजे फरशीची ओल तिला लागणार नाही. स्लॅबच्या खाली दोन फूट सोडून एक फळीचा माळा द्या, पण पश्चिमेच्या भिंतीला नको, तिथं संध्याकाळभर ऊन साठतं. स्लॅब ओतताना गजाचे दोन-तीन आकडे खाली सोडा, लसूण-कांद्याची जुडी टांगता येईल. ओट्याजवळच्या भिंतीत मिठासाठी एक कोनाडा आणि उत्तरेच्या भिंतीत तेल-लोणच्यासाठी दोन कोनाडे ठेवा. बियाण्यासाठी काचेच्या बाटल्या, चाळलेली राख आणि घट्ट बूच पुरतं. धुराचं काम राख करते, बूच करतं.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'बाई, आता कोनाडा कोन ठेवते? अलमारी लावून देतो ना.' मी त्याला सांगितलं की अलमारीला दार असतं आणि दाराआड हवा कोंडते. कोनाड्यात काय संपलं ते येता-जाता दिसतं. शिवाय भिंत नऊ इंची असेल तर कोनाड्याला वेगळा खर्च नाही, तेवढ्या विटा वाचतात. विटांचा हिशेब त्यानं तिथल्या तिथं बोटांवर केला आणि म्हणाला, उत्तरेची भिंत उद्या चढते, कोनाडे कमरेएवढ्या उंचीवर घेऊ का?